सहा पिरियड, चार वर्षं आणि दर फेब्रुवारीतला तो फॉर्म

फेब्रुवारी लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "अगं, काउन्सेलरने फॉर्म पाठवलाय, शुक्रवारपर्यंत भरायचाय. दहावीला एपी किती घ्यायच्या?" हा फॉर्म म्हणजे पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा कागद, आणि एपी म्हणजे हायस्कूलमध्येच (इथे नववी ते बारावी) घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स. माझी लेक जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी हायस्कूलमधून पास होऊन बाहेर पडली, त्यामुळे ओळखीतल्यांच्या लेखी मी आता जाणकार. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवते. हे आमच्या शाळेचं आणि आमच्या घराचं आहे. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे, आणि कॅलिफोर्नियातही प्रत्येक डिस्ट्रिक्टची, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाची, तऱ्हा निराळी.

नवरा आणि मी दोघंही महाराष्ट्रात शिकलो. दहावीच्या निकालानंतर सायन्स, कॉमर्स की आर्ट्स, एवढा एकच मोठा निर्णय. मग दोन वर्षं मान खाली घालून अभ्यास. इथे तसा एक दिवस येतच नाही. दरवर्षी फेब्रुवारीत थोडं थोडं ठरवायचं, आणि यंदा काय घेतलं त्यावरून पुढच्या वर्षी कशाला हात घालता येईल ते ठरणार. सासूबाई व्हिडिओ कॉलवर दरवर्षी विचारायच्या, "म्हणजे शेवटी सायन्सच ना?" आणि लेक सांगायची, "सायन्स पण, सिरॅमिक्स पण, आजी." हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आमची सुरुवात झाली फेब्रुवारी २०२१ मध्ये. लेक आठवीत, शाळा झूमवर, आणि हायस्कूलची माहितीसभाही झूमवरच. तासाभरात शंभरेक स्लाइड्स दाखवल्या गेल्या. शेवटी हाती राहिला दोन पानांचा फॉर्म: इंग्रजी, गणित, विज्ञान, व्यायाम, आणि दोन रिकाम्या जागा. ज्या पालकांची मोठी मुलं त्याच शाळेत होती ते निवांत दिसत होते. आम्ही मात्र 'प्रीरिक्विझिट'च्या बाणांचा तो तक्ता छापून फ्रिजवर लावला. तो पुढे चार वर्षं तिथेच होता. अमुक कोर्सला जायचं तर आधी तमुक झालेला हवा, एवढंच त्यात असतं. पण तो उलटा वाचायचा असतो हे कोणी सांगत नाही. आधी बारावीच्या रांगेत बोट ठेवायचं आणि मागे मागे नववीपर्यंत यायचं.

गणितावरून सगळ्यांचीच पहिली झोप उडते. लेकीचा अल्जिब्रा १ आठवीत होत होता, म्हणजे नववीला जॉमेट्री, दहावीला अल्जिब्रा २, अकरावीला प्रीकॅल्क्युलस आणि बारावीला कॅल्क्युलस असा सरळ रस्ता होता. पण आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर निम्मे लोक उन्हाळ्यातच जॉमेट्री 'उरकून' टाकायला निघाले होते, म्हणजे अकरावीलाच कॅल्क्युलस बीसी (एपी कॅल्क्युलसचा वरचा, वेगवान कोर्स; त्याखालचा एबी) गाठता येईल. सहा आठवड्यांत वर्षाची भूमिती! लेकीला गणित जमतं, पण त्याचं वेड नाही. तिने स्वतःच नको म्हटलं आणि आम्ही ताणलं नाही. ज्या मुलाला गणिताचा खरंच ध्यास आहे त्याला पुढे जाऊ द्यावं, पण ग्रुपवरच्या चढाओढीसाठी उन्हाळा जाळू नये, असं मला तेव्हाही वाटत होतं.

गणितात मूल खालच्या वर्गात टाकलं गेलंय असं वाटत असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. कॅलिफोर्नियात २०१५ चा गणित प्लेसमेंटचा कायदा आहे. नववीची गणितातली जागा कशी ठरते याचं न्याय्य आणि उघड धोरण डिस्ट्रिक्टकडे असावं लागतं, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात ती जागा पुन्हा तपासावी लागते, आणि पालकांना दाद मागायची सोय ठेवावी लागते. आमच्या शेजारच्या घरी या कायद्याचं नाव घालून एक सौम्य ईमेल गेला आणि आठवड्याभरात मुलाची परत चाचणी झाली.

भाषेचा प्रश्न आमच्यासाठी जरा हळवा होता. लेक लहानपणापासून रविवारच्या मराठी शाळेत जात होती. तिचं श्रेय हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे सगळ्या कोर्स-ग्रेडच्या अधिकृत गुणपत्रिकेवर, येईल का, म्हणून डिस्ट्रिक्टला लिहून विचारलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, दुसऱ्या भाषेतलं प्रावीण्य इतर मार्गांनीही मान्य करते. पण खाजगी कॉलेजांना ट्रान्स्क्रिप्टवर एकाच भाषेची तीन-चार वर्षं बघायला आवडतं, त्यामुळे तिने स्पॅनिश घेतलं. मराठी शाळा तिने सोडली नाही. त्याचा कॉलेजशी काही संबंध ठेवला नाही, इतकंच. तुमची मुलं मराठी शाळेत जात असतील तर डिस्ट्रिक्टला सातवी-आठवीतच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

ऑगस्ट २०२१ मध्ये मास्क लावून नववी सुरू झाली. इंग्रजी, जॉमेट्री, बायोलॉजी, स्पॅनिश २, व्यायाम आणि सिरॅमिक्स. नववीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुलांना आधी इमारत सापडायला हवी, मग मित्र, मग अभ्यास. सिरॅमिक्स मात्र विचार करून घेतलं होतं. यूसीला कलेचं एक पूर्ण वर्ष लागतं, आणि एक सेमिस्टर चित्रकला, एक सेमिस्टर नाटक अशी मिसळ चालत नाही. एकाच कलेचं वर्ष हवं. ते नववीत झालं की एक खिडकी कायमची मोकळी होते.

या 'ए-जी' नावाच्या प्रकरणाची खरी ओळख मला फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. यूसीत आणि कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) कॉलेजांत जायचं तर पंधरा वर्ष-कोर्स लागतात: इतिहास-समाजशास्त्राची २ वर्षं, इंग्रजीची ४, गणिताची ३, विज्ञानाची २, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची २, कलेचं १ आणि एक ऐच्छिक. यांतले अकरा तरी यूसीला अकरावी संपेपर्यंत झालेले हवे असतात, आणि प्रत्येकात किमान सी ग्रेड. डी मिळाली तर हायस्कूल पास होता येईल, पण हा कोर्स धरला जात नाही. गणित आणि विज्ञान एकेक वर्ष जास्त, भाषाही तीन वर्षं, अशी त्यांचीच शिफारस आहे. हायस्कूल पास होण्याच्या अटी वेगळ्या. त्यांत व्यायामाची दोन वर्षं येतात, जी ए-जीमध्ये मुळीच नाहीत. म्हणजे दोन यादीपत्रकं एकाच वेळी सांभाळायची, आणि एकाचं समाधान झालं म्हणून दुसऱ्याचं झालं असं समजायचं नाही.

त्या रात्री मी यूसीच्या संकेतस्थळावर ए-जी कोर्सांची यादी उघडली. त्यात आपल्या हायस्कूलचं नाव टाकलं की त्या शाळेचे कोणते कोर्स मान्य आहेत ते वर्षनिहाय दिसतं, आणि कोणत्या कोर्सला यूसी 'ऑनर्स', म्हणजे साध्यापेक्षा वरच्या पातळीचा, मानते त्याचीही खूण असते. आमच्या शाळेत 'इंग्लिश १० ऑनर्स' नावाचा कोर्स होता. त्यापुढे ती खूण नव्हतीच! शाळेच्या ट्रान्स्क्रिप्टवर तो ऑनर्स म्हणून मिरवणार, पण यूसी त्याचा जादा गुण देणार नाही. केमिस्ट्री ऑनर्सला मात्र होती. म्हणजे इंग्लिश ऑनर्स वाईट असं नाही. ज्याला वाचायला आवडतं त्याने जरूर घ्यावा. पण 'जीपीए (ग्रेडची सरासरी) वाढेल म्हणून' घेत असाल तर आधी ही यादी बघा. यादी फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि चार वर्षांत मला सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला.

जीपीएचा हिशेबही इथेच सांगून टाकते, कारण फोनवर सर्वांत जास्त गोंधळ यावरून होतो. यूसी नववीचे ग्रेड जीपीएत धरत नाही. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे ए-जी कोर्स धरते. नववीत कोर्स पास व्हावा लागतो, तो तपासलाही जातो, पण आकड्यात येत नाही. एपी आणि मान्य ऑनर्सला सी किंवा वर ग्रेड असेल तर एक जादा गुण मिळतो, पण असा जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना, आणि त्यांतले दहावीचे चारच. एक वर्षाची एपी म्हणजे दोन सेमिस्टर. म्हणजे चार वर्ष-कोर्सांनंतर यूसीच्या आकड्यात भर पडणं थांबतं. बारा एपी घेणाऱ्याचा आणि चार एपी घेणाऱ्याचा जादा गुण इथे सारखाच. कोर्स किती अवघड घेतलेत हे ते वेगळं बघतात, ती गोष्ट निराळी. पण हे कळल्यावर आमच्या घरातला ताण निम्म्याने उतरला.

दहावीसाठी नवऱ्याचं म्हणणं होतं एपी कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स. आम्ही दोघं सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे हे ओघानेच आलं. लेकीला हवी होती एपी वर्ल्ड हिस्टरी. जेवणाच्या टेबलावर चार-पाच रात्री खडाजंगी झाली. "इतिहास वाचून पोट भरतं का?" हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि तो स्वतःच हसायला लागला, कारण हे त्याच्या वडिलांचं वाक्य होतं. वर्ल्ड हिस्टरी घेतली.

केमिस्ट्री ऑनर्सही घेतलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये पहिल्या चाचणीला सी, दुसरीला सी वजा. रात्री साडेअकरापर्यंत ती मोलच्या हिशेबाशी झगडायची आणि मग इतिहासाची तीस पानं वाचायची. सहाव्या आठवड्यापर्यंत 'लेव्हल चेंज' करता येतो, म्हणजे ऑनर्समधून साध्या केमिस्ट्रीत, ट्रान्स्क्रिप्टवर खूण न राहता. त्यानंतर सोडलं की डब्ल्यू ('विथड्रॉ', म्हणजे कोर्स सोडल्याची खूण) उमटतो. तिने पाचव्या आठवड्यात फॉर्म भरला. शिक्षकांची सही, काउन्सेलरची सही, आमची सही. पण साध्या केमिस्ट्रीचा वर्ग त्या पिरियडला नव्हता. तो मिळवायला इंग्रजी आणि स्पॅनिशचे पिरियड हलले, इंग्रजीचे आवडते सर गेले. हे आधी माहीत असू द्या: एक कोर्स बदलला की दिवस अख्खा हलतो. दोन दिवस ती रडली. ऑक्टोबरमध्ये मात्र घरात परत हसण्याचे आवाज आले, केमिस्ट्री कळायला लागली, आणि वर्षाअखेरी तिला त्यात ए मिळाला.

एपीची परीक्षा मे महिन्यात असली तरी तिची ऑर्डर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत द्यावी लागते. मे २०२३ च्या परीक्षेची फी ९७ डॉलर होती, पुढच्या वर्षी ९८, त्याच्या पुढच्या वर्षी ९९. शाळा वर स्वतःचा खर्च लावतात, आमच्या शाळेने दर परीक्षेमागे वीसेक डॉलर लावले. उशिरा ऑर्डर दिली तर ४० डॉलर वेगळे, आणि ऑर्डर देऊन परीक्षा रद्द केली किंवा दिलीच नाही तरी ४० कापले जातात. घरचं उत्पन्न कमी असेल तर सवलत असते. ती आपणहून कोणी देत नाही, काउन्सेलरकडे मागावी लागते. एपीचा वर्ग घेऊन परीक्षा न देणंही चालतं. वर्गाचा ग्रेड वेगळा, परीक्षेचा स्कोअर वेगळा. प्रवेशात वजन असतं ते मुख्यतः वर्गाच्या ग्रेडला.

आता फेब्रुवारी २०२३, म्हणजे अकरावीचा फॉर्म. सगळी रस्सीखेच इथे होते, कारण कॉलेजला अर्ज जाईल तेव्हा शेवटचे पूर्ण ग्रेड अकरावीचेच असणार. याच सुमाराला खाजगी सल्लागारांच्या जाहिराती ईमेलमध्ये यायला लागतात. एकीने तासाला ३०० डॉलर सांगितले, दुसऱ्याने चार वर्षांचं 'पॅकेज', त्याचा आकडा मी इथे लिहीत नाही. आम्ही कोणाला घेतलं नाही. ज्यांना जमतं त्यांनी घ्यावं, पण आधी शाळेचा 'स्कूल प्रोफाइल' वाचा. दोन-चार पानांचं हे पत्रक शाळा प्रत्येक मुलाच्या अर्जासोबत कॉलेजांना पाठवते. शाळेत एपी किती आहेत, कोणत्या वर्षापासून घेता येतात, जीपीए कसा काढतात, हे सगळं त्यात. कॉलेजवाले मुलाचे कोर्स या पत्रकाशेजारी ठेवून वाचतात. शाळेत आठच एपी असतील तर कोणी पंधराची अपेक्षा धरत नाही. कॉमन अ‍ॅपवरून (एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायचं संकेतस्थळ) अर्ज केला की काउन्सेलरला एक प्रश्न येतो: याच शाळेतल्या कॉलेजला जाणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत या मुलाचे कोर्स किती खडतर? सर्वांत खडतरपासून खाली श्रेण्या असतात. यूसी हा रिपोर्ट मागत नाही, पण बहुतेक खाजगी कॉलेजं मागतात.

म्हणून काउन्सेलरच्या भेटीत मी 'किती एपी' असं विचारलंच नाही. आमच्या काउन्सेलरकडे चारशेहून जास्त मुलं, भेट पंधरा मिनिटांची. तीन प्रश्न लिहून नेले होते. या शाळेत 'खडतर' कशाला म्हणता, लेक आत्ता कुठे बसते, आणि अकरावीत कोणता एक बदल केला तर फरक पडेल. उत्तरं सरळ मिळाली. पाच मुख्य विषय (इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-समाजशास्त्र, दुसरी भाषा) चारही वर्षं सोडू नका, त्यांतल्या तिच्या आवडीच्या दोनमध्ये वरची पातळी घ्या, बाकी ठीक. बाईंनी हेही सांगितलं की ज्या विषयात मुलाला पुढे जायचंय त्यातच सोपा कोर्स दिसला तर प्रश्न पडतो. इतरत्र फारसा नाही.

घरी येऊन आम्ही एक तक्ता केला. शाळेच्या कोर्स कॅटलॉगमध्ये प्रत्येक कोर्सपुढे आठवड्याचा गृहपाठ किती तास हे लिहिलेलं असतं. एपी यूएस हिस्टरी पाच ते सहा, एपी इंग्लिश लँग्वेज चार-पाच, एपी बायोलॉजी सहा-सात. त्यांची बेरीज केली, त्यात शाळेच्या वर्तमानपत्राचे तास घातले, झोपेचे आठ धरले. बायोलॉजीसकट बेरीज आठवड्याच्या बाहेर जात होती. "रविवारी जास्त करीन," लेक म्हणाली. मग रविवारचाही तक्ता केला. तिला वर्तमानपत्र सोडायचं नव्हतं, एपी बायोही सोडायची नव्हती. शेवटी दोन्ही लिहिलं, आणि पर्यायांच्या रकान्यात साधं फिजिक्स. पर्यायांचा हा रकाना घाईत काहीतरी टाकून मोकळा करू नका. शाळेचं वेळापत्रक वसंत ऋतूत या फॉर्मांवरच बेतलं जातं, आणि पहिली पसंती बसली नाही तर यंत्र पर्याय उचलतं. तेव्हा कोणी फोन करून विचारत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये नेमकं तेच झालं. वेळापत्रक पोर्टलवर आलं तेव्हा एपी बायो गायब, फिजिक्स हजर. वर्तमानपत्राचा वर्ग अख्ख्या शाळेत एकच, चौथ्या पिरियडला. एपी बायोचे दोन वर्ग, एक चौथ्याला आणि एक दुसऱ्याला. दुसऱ्याला एपी यूएस हिस्टरी. काउन्सेलरच्या ऑफिसबाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली. बदलाची मुदत दोन आठवड्यांची, आणि त्यातही 'मला दुसरे सर हवेत' हे कारण चालत नाही. कोर्स चुकलाय, पातळी चुकलीय, रिकामा पिरियड आलाय, एवढीच कारणं. दहा दिवस वाट बघितली. हिस्टरीची दुसरी जागा निघाली नाही. वर्तमानपत्र किंवा बायो, यांतलं एक. मी गप्प बसले, जे मला सहसा जमत नाही. तिने वर्तमानपत्र ठेवलं.

त्या वर्षी फिजिक्सने आम्हाला सुखद धक्का दिला. बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, तिन्ही प्रयोगशाळेसकट झाले, आणि ज्या कॉलेजांच्या शिफारशी ती वाचत होती त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हेच लिहिलेलं होतं. ऑक्टोबरमध्ये पीएसएटी झाली, म्हणजे एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेची पूर्वपरीक्षा. ती त्या वर्षापासून संगणकावर गेली होती. एसएटीही मार्च २०२४ पासून अमेरिकेत डिजिटल झाली. यूसी आणि कॅल स्टेट हा स्कोअर प्रवेशासाठी बघतच नाहीत, पण २०२४ च्या वसंतात येल, ब्राउन, कॅलटेक, हार्वर्ड यांनी परीक्षा परत आवश्यक केल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या, आणि ग्रुपवर परत धांदल उडाली. आम्ही कोर्सांना हात लावला नाही.

बारावीचा फॉर्म फेब्रुवारी २०२४ मध्ये भरला. तोवर लेकीचं मन पर्यावरणशास्त्राकडे वळलं होतं, त्यामुळे एपी एन्व्हायर्न्मेंटल सायन्स निर्विवाद. गणितात कॅल्क्युलस एबी, बीसी की स्टॅटिस्टिक्स? पुढे विज्ञानाची पदवी घ्यायची तर कॅल्क्युलस झालेलं बरं, आणि बीसीचा वेग तिला नको होता. एबी घेतलं. तिच्या एका मित्राने दहावीत अल्जिब्रा २ ऐवजी डेटा सायन्स घ्यायचं ठरवलं होतं. २०२३ च्या उन्हाळ्यात यूसीने असे कोर्स अल्जिब्रा २ ची जागा घेऊ शकत नाहीत असं ठरवलं, आणि त्या घरी ऐन वेळी धावपळ झाली. नवीन नावाचा, आकर्षक कोर्स दिसला की तो ए-जीच्या कोणत्या रकान्यात बसतो ते आधी बघायचं, हे त्यांच्याकडून शिकले. स्पॅनिश ४, इंग्रजी साहित्य, गव्हर्नमेंट-इकॉनॉमिक्स आणि वर्तमानपत्र यांनी उरलेले पिरियड भरले. बारावीला हलकं वर्ष घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. पण अर्जात बारावीचे चालू कोर्सही लिहावे लागतात, आणि ते वाचले जातात.

हुकलेल्या बायोची रुखरुख मात्र तिला होती. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेज, म्हणजे जवळचं दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं सरकारी कॉलेज. हा मार्ग आपल्या लोकांत कमी माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कॅलिफोर्नियात हायस्कूलची मुलं कम्युनिटी कॉलेजमध्ये अर्धवेळ कोर्स घेऊ शकतात. एरवी युनिटला (कोर्स किती मोठा हे मोजायचं माप) ४६ डॉलर फी असते, हायस्कूलच्या मुलांना ती सहसा माफ. तिला फक्त पुस्तक आणि किरकोळ शुल्क मिळून शंभराच्या आत खर्च आला. आधी सीसीसी अप्लाय या कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाच्या संकेतस्थळावर खातं, मग अर्ज, मग कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक येईपर्यंत वाट. आमचा अर्ज ओळख तपासणीत अडकला आणि आठवडाभर काहीच हललं नाही. शेवटी कॉलेजच्या ऑफिसात ओळखपत्र घेऊन गेल्यावर सुटला. त्याशिवाय पालकांच्या आणि प्रिन्सिपलच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो. शाळेला सुट्टी लागली की सही करायला कोणी नसतं, त्यामुळे तो एप्रिलमध्येच करून ठेवा. नोंदणीत हायस्कूलच्या मुलांचा नंबर शेवटी लागतो, तेव्हा दुसरी-तिसरी निवड तयार हवी.

कोर्स यूसीत चालेल का हे असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कळतं. असा एका सेमिस्टरचा कोर्स हायस्कूलच्या एका वर्षाइतका धरला जातो. तिने प्रयोगशाळेसकट बायोलॉजी घेतली, सहा आठवड्यांची. रोज चार तास वर्ग. वर्गात नर्सिंगला जाणाऱ्या, दोन मुलांच्या आया असलेल्या बायका होत्या, आणि त्यांच्यासोबत बसून ती जे शिकली ते एपीच्या वर्गात मिळालं नसतं. एक इशारा: तिथला ग्रेड कायमचा असतो, कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर, आणि पुढे पदव्युत्तर अर्जांतही तो दाखवावा लागतो. आणि विद्यार्थ्याच्या नोंदी गुप्त ठेवणाऱ्या फर्पा नावाच्या कायद्यामुळे कॉलेज पालकांशी बोलत नाही, मूल सोळा वर्षांचं असलं तरी. मी एकदा फोन केला होता, नम्रपणे सांगण्यात आलं की विद्यार्थिनीला फोन करू द्या. तिने केला. काम पाच मिनिटांत झालं.

यूसीचा अर्ज त्या वर्षी २ डिसेंबरपर्यंत होता, दर कॅम्पसला ८० डॉलर. त्यात ट्रान्स्क्रिप्ट पाठवायची नसते. नववीपासूनचा प्रत्येक कोर्स, प्रत्येक सेमिस्टरचा ग्रेड स्वतः भरायचा असतो. आठवीतला अल्जिब्रा आणि मधल्या शाळेतलं स्पॅनिशही गणिताच्या आणि भाषेच्या वर्षांसाठी लागतं. एक रविवार त्यातच गेला. ट्रान्स्क्रिप्टची अधिकृत प्रत आधी मागवून ती समोर ठेवूनच भरा, पोर्टलवरची नावं कधी कधी आखूड केलेली असतात. कम्युनिटी कॉलेजचा कोर्स वेगळ्या शाळेच्या नावाखाली टाकायचा. आणि अर्ज गेल्यावर बारावीतला एखादा कोर्स बदलला, सोडला, किंवा डी आला, तर यूसीला कळवावं लागतं. कॉमन अ‍ॅपवर ट्रान्स्क्रिप्ट पाठवायचं काम काउन्सेलर करते, पण तिच्याकडे फॉर्म ऑक्टोबरच्या सुरुवातीला द्यावा लागतो.

मार्चमध्ये यूसीचे निकाल आले, काही होकार, काही नकार, एक वेटलिस्ट. कुठे मिळालं आणि कुठे नाही हे मुद्दाम लिहीत नाही. त्यावरून लोक कोर्सांचा उलटा हिशेब मांडतात आणि तो हमखास चुकीचा निघतो. तिच्याच वर्गातल्या, जवळपास तिचेच कोर्स घेतलेल्या मैत्रिणीचे निकाल अगदी वेगळे होते.

१ मेपर्यंत होकार कळवला, पण काम उरतंच. प्रवेश तात्पुरता असतो. बारावीचे ग्रेड पडले तर तो परत घेतला जाऊ शकतो, आणि हे मुलाला मे महिन्यात आठवण करून द्यावं लागतं, जेव्हा त्याला काहीच ऐकायचं नसतं. एपीचे स्कोअर दरवर्षी एका कॉलेजला फुकट पाठवता येतात, मात्र कॉलेजचं नाव २० जूनपर्यंत टाकायला हवं. अंतिम ट्रान्स्क्रिप्ट यूसीला १ जुलैपर्यंत. आमच्या शाळेने ती वेळेत पाठवली. कम्युनिटी कॉलेजची मात्र आपण वेगळी मागवावी लागते, ती शाळा पाठवत नाही; लेकीने जूनमध्ये ऑनलाइन मागवली, तीन दिवसांत पोहोचली आणि पोर्टलवरचा तो शेवटचा लाल चौकोन हिरवा झाला. जुलैत ओरिएंटेशनला गेली तेव्हा सल्लागाराने तिला पहिल्या क्वार्टरच्या कोर्सांचा फॉर्म दिला. केमिस्ट्रीची प्लेसमेंट परीक्षा दिल्याशिवाय तो भरता येणार नव्हता.